गोळ्यांची सावड

धोंडाबाईचं तोंड वाकडं झालं तेव्हा खाचरात अकरा बायका होत्या आणि अकराच्या अकरा हसल्या.

हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि तेही गंमत म्हणून. पालीच्या वरच्या अंगाला, गडाच्या पायथ्याशी सोळा घरांची वाडी आहे. मी तिथं निराधार पेन्शनचे फॉर्म भरायला गेले होते. धोंडाबाईची सून मंगल चहा गाळता गाळता म्हणाली, "नलूताई, काल तुमी पायजे व्हता. आत्यांनी गेनबामामांचं असं सोंग केलं, की आमी सगळ्या हसून हसून चिखलात बसलो."

धोंडाबाई नकला करते हे साऱ्या खोऱ्याला ठाऊक आहे. तलाठी कपाळावर चष्मा ठेवून टेबलावर चष्मा कसा शोधतो, गड चढायला आलेली पुण्याची पोरं पहिल्याच चढाला कमरेवर हात ठेवून 'अजून किती' कसं विचारतात, सगळं ती करून दाखवते. लावणीच्या दिवसात पाठीवर पाऊस आणि पायाखाली चिखल, कंबर तर दुपारनंतर आपली राहतच नाही. तेव्हा बायकांना तेवढाच विरंगुळा. गेनबामामांच्या अंगावरनं चार वर्षांपूर्वी वारं गेलं. तोंड एका अंगाला ओढलेलं, बोलणं जड. त्यांची नक्कल तर ती त्यांच्या ओट्यासमोर उभी राहून करायची, आणि मामा स्वतःच डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसायचे.

म्हणून काल तिच्या उजव्या हातातनं रोपांची मूठ गळाली, ती उचलायला गेली तर बोटं चालेनात, काहीतरी बोलायला गेली तर शब्दांचा नुसता लगदा बाहेर पडला आणि ओठाचा उजवा कोपरा खाली लोंबला, तेव्हा बायकांना वाटलं, आज बाईनं कमाल केली.

"किती वेळ चाललं हे?" मी विचारलं.

"झाली असतील धा-पंधरा मिनटं. मग पाटाच्या पाण्यानं तोंड धुतलं आन् म्हणल्या, कसं काय जमलं?"

मी कप खाली ठेवला. मंगल अजून हसतच होती. तिला काय बोलायचं? चार यत्ता शिकलेल्यांनाही कळत नाही, ही तर चुलीसमोरून उठून खाचरात जाणारी पोर.

तेवढ्यात धोंडाबाई गवताचा भारा डोक्यावर घेऊन आली. बासष्ट वर्षांची बाई. भारा अंगणात आपटला आणि पदरानं मान पुसली.

"मावशी, काल काय झालं?"

"कुटं काय."

"मूठ गळाली ना हातातनं?"

"चिखलाचा हात. घसरली."

"आणि बोलता येत नव्हतं ते? जीभ पण चिखलाची होती?"

तिनं मंगलकडे बघितलं, मग मला डोळ्यानं गोठ्याकडं बोलावलं. तिथं म्हशीच्या आडोशाला उभी राहून म्हणाली, "मी बोलत व्हते गं नलू. मला म्हनायचं व्हतं, धरा मला. त्या बाया हसाय लागल्या. मंग मी बी हसले. काय करू दुसरं?"

ह्या बाईनं आपलं मरण नकलेत खपवलं होतं.

मी म्हटलं, चला, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. तर म्हणे, उद्या बाळाबाईच्या खाचरात सावड आहे. आमच्याकडं लावणी सावडीनं होते. आज साऱ्या मिळून तुझ्या खाचरात, उद्या साऱ्या मिळून माझ्या. मजुरी नाही, काही नाही. कुणाच्या मागं कुणाचं खाचर, हे ह्या वाडीत धोंडाबाई ठरवते आणि तिनं ठरवलेलं कुणी मोडत नाही. तिनं स्वतः तर तीस वर्षांत नाही मोडलेलं. थोरल्या पोरीच्या बाळंतपणातही ही सकाळी लावणी करून दुपारी गेली होती.

"हात बघ," म्हणून तिनं माझ्यासमोर मूठ वळली, उघडली. "झाला का न्हाई नीट? नीट झालेल्या मानसानं दवाखान्यात जाऊन काय सांगायचं?"

"सांगायचं, की काल दहा मिनिटं मेले होते."

"आज जित्ती हाय ना?"

"मावशी, बाळाबाईच्या खाचरात तोंडावर पडलात तर त्यांची लावणी तुमच्या तेराव्यापर्यंत थांबंल. आवणातली रोपं पिवळी पडतील. चालंल का?"

स्वतःच्या जिवासाठी ती हलली नसती. बाळाबाईच्या आवणासाठी मात्र टेम्पोत चढली. वेल्हा जवळ पडला असता, पण तिच्या पोराचा, पप्पूचा, दुधाचा टेम्पो नसरापूरला निघालेला होता, तिथून भोरची गाडी मिळते, आणि भोरला डॉक्टर चैत्राली माझ्या ओळखीच्या. दुधाच्या किटल्यांत बसून आम्ही निघालो. मार्गासनी येईस्तोवर ती मला तीनदा म्हणाली, "उगाच."

भोरला बीपी निघालं एकशे शहाण्णव. खालचं एकशे दहा. डॉक्टरांनी मशीनवर विश्वास न ठेवता दुसऱ्या हातालाही पट्टा बांधला. तेच.

"काल जे झालं ना मावशी, ती धोक्याची घंटा होती," डॉक्टर म्हणाल्या. "मेंदूला जाणारं रक्त मध्येच अडलं. जेवढा वेळ अडलं तेवढा वेळ हात आणि बोलणं बंद. मग ते आपोआप सुटलं."

"म्हंजी पाट तुंबला व्हता."

"तसंच समजा. पण दर वेळी आपोआप मोकळा होत नाही. आणि पहिल्यांदा असं झालं की पुढचे दोन दिवस सगळ्यात वाईट. तुम्ही त्यातला एक दिवस चिखलात घालवलात."

मी धोंडाबाईकडं बघितलं. ती भिंतीवरच्या बाळाच्या फोटोकडं बघत होती.

डॉक्टरांनी त्याच दिवशी पुण्याला पाठवलं. दोन दिवस ठेवून घेतलं. डोक्याचा फोटो साफ आला. मानेच्या नसांची सोनोग्राफी झाली, त्यात डाव्या बाजूची, मेंदूकडं जाणारी मोठी नस निम्म्याहून थोडी कमी बुजलेली दिसली. ऑपरेशनची आता गरज नाही, म्हणाले. पण रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून एक गोळी, बीपीची एक, आणि नसेत चरबी साठू नये म्हणून एक, अशा तीन रोज, मरेस्तोवर. एक दिवस चुकवायचा नाही. मीठ कमी, पापड-लोणचं नाही, मशेरी तर आजपासून बंद. आणि परत तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं जड झालं, यातलं एक जरी झालं तरी घड्याळ बघायचं आणि थेट मोठ्या दवाखान्यात. साडेचार तासांच्या आत पोचलं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं. नंतर हात चोळत बसायचं.

घरी आल्यावर मी मंगलला भिंतीशी उभी करून हे सगळं तीन वेळा म्हणून घेतलं. पप्पूलाही. "आधी घड्याळ, मग रडणं," असं पाठ करून घेतलं. कुणी लकव्याचं तेल सांगितलं, कुणी पारव्याचं रक्त चोळा म्हणालं, तर त्याला आधी माझा नंबर द्यायचा, हेही.

मला वाटलं, झालं काम. कसलं झालं!

श्रावणात बीपी एकशे चौऱ्याऐंशी. भादव्यात एकशे नव्वद. डॉक्टर चैत्रालींनी गोळीची ताकद वाढवली, मग दुसरी जोडीला दिली. महिन्याच्या महिन्याला रिकामी पाकिटं बरोबर यायची, एक गोळी शिल्लक नाही.

"मावशी, गोळी घेता ना?"

"रोज जातीय की."

"चुकत नाही?"

"एक दिस न्हाई."

डॉक्टरांनी किडनीच्या तपासण्या केल्या. काही नाही. मग माझा संशय मशेरीवर. मी तिच्या घरात घुसून डबे धुंडाळले आणि तांदळाच्या पिंपात दंडापर्यंत हात घालून मशेरीची डबी बाहेर काढली, ओढ्यात फेकली. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. बीपी एका आकड्यानं उतरलं नाही. डॉक्टर कोड्यात, मी कोड्यात, आणि ही बाई वाडीभर सांगत सुटली, की औषधं काही लागू पडत नाहीत, सरकारी माल.

कोडं सुटलं दसऱ्याच्या आसपास, एका गुरुवारी. मी देवळाच्या ओट्यावर बसून बायकांची आधार कार्डं बघत होते. बाळाबाई विहिरीवरनं हंडा घेऊन येत होती. सत्तरीची काटकुळी बाई, एकटीच राहते. माझ्यासमोर हंडा सुटला, ती आधी गुडघ्यावर बसली आणि मग तिथंच आडवी झाली. चेहरा राखेसारखा. मी पाय उचलून धरले, मंगलनं साखरपाणी आणलं. माझ्या पिशवीत सेलवर चालणारं बीपीचं मशीन असतं. पट्टा बांधला तर चौऱ्याऐंशी. खालचं पन्नास.

थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले.

"मावशी, सकाळपासून पोटात काय आहे?"

"च्या."

"भाकरी?"

"न्हाई. गोळ्या खाल्ल्या."

"कसल्या गोळ्या? तुम्हाला कुणी दिल्या?"

"आज बेस्तरवार न्हवं का?" जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारत होते. "बेस्तरवार माजा असतो."

मंगल साखरपाण्याच्या पेल्यात बघायला लागली. मी एकेकीकडं बघितलं. एकीनं पदर दातात धरला, दुसरी उठून शेरडाला हाकलायला गेली, जे शेरडू तिथं नव्हतंच.

हळूहळू बाहेर आलं. सोमवार धोंडाबाईचा. मंगळवार-बुधवार दुसऱ्या दोघींचा. गुरुवार बाळाबाईचा. शुक्रवार परत धोंडाबाईचा, कारण गोळ्या तिच्या नावच्या, म्हणून तिला दोन वार. शनिवार-रविवार आणखी दोघींचा. जिचा वार तिनं तिन्ही-चारी गोळ्या एकदम घ्यायच्या. पाकीट कात्रीनं कापून आदल्या संध्याकाळी घरपोच, रिकामा तुकडा दुसऱ्या दिवशी परत. खोटं काही ती बोललीच नव्हती माझ्याशी. रोज जात होती, एक दिवस चुकत नव्हती.

त्या बाईनं गोळ्यांची सावड घातली होती.

मी तिच्या अंगणात गेले तेव्हा ती भात झोडपायचं खळं सारवत होती. रागात मी अगंतुगंवर आले. "धोंडे, तुला अक्कल आहे का गं?"

"न्हाई. बस."

"बसत नाही. बाळाबाई तिकडं आडवी झालीय."

ती झटकन उठली, शेणाचे हात तसेच. "जित्ती हाय?"

"आहे. तुझ्या गोळ्यांनी मारलीच होती."

"माज्या गोळ्यांनी कशी? मला चक्कर येत व्हती, तिला बी येती. मला गोळी लागू, तिला का न्हाई?"

"कारण चक्कर सारखी असली तरी दुखणं सारखं नसतं. लावणी आहे का ही, की आज तुझ्यात, उद्या माझ्यात?"

"तिनं इचारलं, धोंडे, तुला कशी मिळाली गोळी? काय सांगू तिला? म्हनू, मला नलूनं न्हेली टेम्पोतनं, तू बस हितं?" तिचाही आवाज चढला. "माज्या खाचरात ती येती, तिच्या खाचरात मी. मी मेले तर माज्या तोंडात पानी ती घालनार. मंग गोळीलाच कशी मी परकी व्हऊ?"

"नस तुझी बुजलीय, तिची नाही."

"नसा काय मला एकलीलाच हायत्या?"

मी तशीच वळले आणि बाळाबाईकडं गेले.

बाळाबाईला त्याच दुपारी भोरला नेलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात. डॉक्टर चैत्रालींनी कपाळाला हात लावला. बाळाबाईच्या अंगात रक्तच कमी, त्यात उपाशीपोटी बीपी उतरवायच्या गोळ्या. हिचीही चक्कर मेंदूला रक्त पुरत नाही म्हणूनच, आणि धोंडाबाईचीही तेवढ्याचसाठी. पण एकीची नळी बुजलेली आणि दुसरीच्या टाकीतच पाणी नाही. एकीचं औषध दुसरीला विष. त्यावर ती गुठळीची गोळी रिकाम्या पोटी आठवड्याला एक, म्हणजे पोटात जखम व्हायची ती वेगळीच. आणि आठवड्यात दोनदाच गोळी मिळणारी धोंडाबाई इकडं रोज मरणाच्या धारेवर. डॉक्टर मला म्हणाल्या, "तिचं काय नशीब म्हणून अजून काही झालं नाही."

बाळाबाईला लोहाच्या गोळ्या लागल्या, पुढं सलाईनमधनं लोह. मी वाटेत ठरवलं, की आता धोंडाबाईच्या तोंडात रोज गोळी घालून, पाणी ओतून, जीभ उचलून बघायची, जनावराला औषध पाजतात तशी. वाडीत पोचले आणि ते तिला तसंच सांगितलं.

ती म्हणाली, "बाळाबाईचं झालं, झ्याक झालं. आता बाकीच्या चौघींचं?"

"त्यांना खाली आणू हळूहळू."

"हळूहळू न्हाई. एस्टी दोनदा येती, त्यात एकदा येतच न्हाई. त्या खाली जातील तवा तितली शिस्टर मीटिंगला. चौघींनी दोन डाव हेलपाटा घातलाय. म्हनून तर माज्या गोळ्या खात व्हत्या." तिनं माझ्यासमोर गोळ्यांची पिशवी खुंटीला टांगली. "त्यांस्नी तपासल्याबिगार मी गिळायची न्हाई."

"मावशी, हे उपोषण आहे का?"

"तू बसतीस की कलेक्टर हापिसापुढं. ते काय असतं?"

"मी जेवण सोडते, औषध नाही!"

"मी जेवनार हाय. औशिद सोडते."

मंगलला हसू फुटलं आणि मी तिच्याकडं असं बघितलं की ते तिथंच विझलं.

शुक्रवारी सकाळी मी आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात. टेबलावरच्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "वाडीत रेंज नाही. रेंज नाही तर मोबाईलवर नाव चढत नाही. नाव चढलं नाही तर गोळी निघत नाही. पेशंट खाली आणा."

"आणि खाली आणले की सिस्टर मीटिंगला."

"मग मीटिंग नसेल तेव्हा आणा."

"मीटिंग कधी नसते?"

"ते आदल्या दिवशी कळतं."

मी त्याच्यासमोरची खुर्ची ओढली आणि बसले. त्याच्या जेवणाच्या वेळेपर्यंत बसले. तो डबा उघडू की नको करत राहिला. तीनच्या सुमाराला सिस्टर प्रेरणा आल्या, तिशीची पोरगी, हेल्मेट काखेत. मी तेच सगळं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.

त्या म्हणाल्या, "वहीत लिहून घेईन की. खाली रेंजमध्ये आले की चढवीन नावं. मंगळवारी येते वर."

"इतकं सोपं होतं?"

"मला कुणी विचारलंच नव्हतं, ताई."

माझ्या डोक्यात जे आलं ते मी लिहीत नाही. टेबलावरच्या माणसानं डबा उघडला.

म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. चार दिवस गोळीविना. मी वाडीत निरोप धाडला, सिस्टर येणार, शब्द दिलाय, आता गोळी घ्या. उलट निरोप आला, "आली की घेईन. शब्द लई जनांनी दिल्याती."

रविवारी सकाळी फोन वाजला. वाडीत पाण्याच्या टाकीवर चढलं की रेंज येते. मंगल होती.

"ताई, आत्या बोलत न्हाईत. उजवा हात पडलाय, पाय बी. आठ वाजून धा मिनटं. पप्पूनं टेम्पो काढलाय." एवढं बोलून मग ती रडली.

"पुण्याला. कुठं थांबायचं नाही. तोंडात काही घालू नको, पाणीसुद्धा नाही. कुशीवर झोपव."

मी राहते वरव्याला, तिथून हायवेला येऊन उभी राहिले. पण रविवार म्हणजे गडाचा वार. पालीच्या खालचा रस्ता एका गाडीपुरता आणि त्यावर दोन्ही अंगांनी पुण्याच्या गाड्या लावलेल्या. मंगलनं नंतर सांगितलं ते ऐकून आजही माझं डोकं फिरतं. ती टेम्पोच्या पुढं चालत गेली. एकेका गाडीची काच बडवत. एकजण म्हणाला, "दोन मिनिटं थांबा मॅडम, मित्र बूट घालतोय." मंगलनं त्या मित्राचा एक बूट उचलून ओढ्यात टाकला. गाडी हलली.

बोलायला लाजणारी ही पोर. मला अभिमान वाटायला हवा होता, पण मला त्या क्षणी सगळ्यांचाच राग आला होता. रस्त्याचा, बुटांचा, मीटिंगांचा, आणि सगळ्यात जास्त टेम्पोत निजलेल्या त्या हट्टी म्हातारीचा. हायवेला मी टेम्पोत चढले तेव्हा ती माझ्याकडं बघत होती आणि ओठ हलवत होती. आवाज नव्हता.

पावणेअकराला दवाखान्यात पोचलो. डोक्याचा फोटो, रक्तस्राव नाही. इंजेक्शन गेलं. दुपारी पाय हलला. संध्याकाळी पहिले शब्द आले, जड, तुटके, पण आले.

मी कान जवळ नेला. मला वाटलं, पप्पूला हाक मारतेय.

"मंगळ...वारी," ती म्हणाली. "शिस्टर... येनार हाय ना?"

मला तिच्या एक मुस्काटात द्यावीशी वाटली. त्याऐवजी मी बाहेर जाऊन पायरीवर बसले आणि तोंडात पदर घालून रडले.

सिस्टर प्रेरणा मंगळवारी गेल्या. देवळाच्या ओट्यावर एकोणीस माणसं तपासली. त्या चौघींपैकी दोघींना बीपी निघालं, एकीला साखर, आणि चौथीला काहीच नाही. ठणठणीत. सिस्टरनं विचारलं, मग तुम्ही रविवारी गोळ्या कशाला खात होता? ती म्हणाली, साऱ्या घेत होत्या, आपुनच कसं मागं राहायचं. नावं वहीत लिहिली, खाली येऊन मोबाईलवर चढली, आणि पुढच्या आठवड्यात ज्याच्या त्याच्या नावची ज्याची त्याची गोळी वर आली. इतकं सोपं होतं ते. ह्या एवढ्यासाठी एका बाईचा हात गेला.

गेला म्हणजे सगळा नाही. बोलणं परत आलं, पाय जरासा फरफटतो. पण उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांना भेटत नाहीत. मेंदूचा तेवढा तुकडा सुकला, म्हणाले डॉक्टर, गोळ्या रोज पोटात गेल्या असत्या तर कदाचित वाचला असता. व्यायाम आहेत, पिठाचा गोळा दाबायचा, मणी उचलायचे. ती करते, शिव्या देत करते. लावणीची मूठ काही त्या दोन बोटांत धरता यायची नाही. हे तिला कुणी सांगितलेलं नाही आणि तिनं कुणाला विचारलेलं नाही.

गोळी मात्र आता घेते. रोज सकाळी, भाकरीनंतर, मंगलसमोर. मंगल पाकिटावर तारीख घालते आणि कात्री घरातच ठेवत नाही. मशेरीचं विचाराल तर मला ठाऊक नाही. पिंपात आता मिळत नाही, एवढंच सांगते.

परवा, पौषात, सिस्टर पुन्हा वर आल्या. ओट्यावर ओळ लागली. बाळाबाई पहिली, तिचं रक्त दहावर आलंय, गालावर जरा रंग दिसतो. धोंडाबाई शेवटी बसली. सिस्टरनं पट्टा बांधला, फुगवला, कानात नळी घालून ऐकलं.

"एकशे चौतीस, ब्याऐंशी," सिस्टर म्हणाल्या.

सहा महिन्यांत पहिल्यांदा. मी ओट्यावर टेकले.

"म्हंजी कमी हाय का जास्त?" धोंडाबाईनं विचारलं.

"अगदी बरोबर आहे, मावशी."

"बरोबर हाय?"

"हो."

तिनं डाव्या हातानं बाही खाली ओढली, आधी सिस्टरकडं, मग माझ्याकडं बघितलं आणि अगदी समाधानानं म्हणाली, "चला, बरी झाले. मंग आता गोळ्या बंद करते. ज्याला लागतील त्याला दे."

सिस्टरनं माझ्याकडं बघितलं. मंगलनं डोळे मिटले. मी चपला काढल्या, मांडी घातली, तिचा तो अर्धा हात माझ्या हातात घेतला आणि मानेतल्या नसेपासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.